वन्संची रंगीत तालीम

उद्घाटन पुन्हा पुढे गेल्याचा फोन आला तेव्हा वन्सं खिडकीत उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. फोन खांद्यात धरून त्या नुसतं "हं", "बरं", "असू दे" म्हणत राहिल्या. ओट्यापाशी शेंगा सोलणाऱ्या वहिनीचे हात मात्र त्या "असू दे"वर थांबले. हे "असू दे" तिला आता पाठ झालं होतं. प्रमुख पाहुण्यांनी तारीख बदलली की ते यायचं, आणि ही तिसरी खेप होती.

"आता काय झालं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"पाहुणे परदेशी चाललेत."

"मागच्या वेळी त्यांचा घसा बसला होता ना?"

"तो बरा झाला. म्हणून तर चाललेत."

एरवी या उत्तराला वहिनी खुदकन हसली असती. आज तिचा सगळा जीव आतल्या खोलीकडे लागला होता. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माणूस हळू बोलून बोलून किती हळू बोलणार? आत पलंगावर पडलेल्या तिच्या नवऱ्याने शब्द न् शब्द ऐकला असणार. पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा त्याने तिथूनच आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्यांदा "ताई, आता कधीची?" एवढंच विचारलं होतं. आज तेही नाही. पलंग करकरला. त्याने भिंतीकडे कूस बदलली असावी.

वन्संनीही ते ऐकलं. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या क्षणभर आतल्या दाराकडे बघत राहिल्या आणि मग पिशवी उचलून कामावर निघून गेल्या.

वन्सं म्हणजे वहिनीची थोरली नणंद. शहरातल्या एका जुन्या हॉलची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती, त्यामुळे बाहेर त्यांना सगळे 'हॉलवाल्या बाई' म्हणत. लग्नं, शाळांची संमेलनं, बक्षीस समारंभ, निरोपाचे कार्यक्रम, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. सकाळी शोकसभा आणि संध्याकाळी लग्नाचं जेवण, असंही व्हायचं. एकदा एका नव्या कामगाराने विचारलं, "बाई, फुलं सकाळचीच ठेवू का? ताजी आहेत." वन्सं म्हणाल्या, "फुलं बदल बाबा. माणसं तीच येणार आहेत, त्यांना फुलं ओळखू येतील." स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर सांगायच्या, "इतक्या जणांची लावून दिली, माझा नंबर येईपर्यंत हॉल बंद करायची वेळ झाली."

त्यांची कामाची एक रीत होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या की त्या स्वतः प्रत्येक कोपऱ्यात जाऊन बसायच्या. अगदी मागे, अगदी कडेला, पंख्याच्या खाली, दाराच्या वाऱ्यात. खांबाच्या मागे एखादी खुर्ची दिसली की उचलायला लावायच्या. "इथे बसणाऱ्याने काय पाप केलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लांबलेल्या भाषणांवरचा त्यांचा उपाय तर सगळ्या शहराला माहीत होता. वक्ता आवरेनासा झाला की त्या शांतपणे व्यासपीठावर जायच्या आणि पाण्याचा पेला त्याच्यासमोर थोडा पुढे सरकवायच्या. समोर पाणी आलं की माणूस एक घोट घेतोच. तो घोट घेताना जी शांतता पडायची, तेवढ्यात हॉलच्या मागून वन्सं टाळ्या सुरू करून द्यायच्या. एवढ्या टाळ्या पडल्यावर पुन्हा बोलायला सुरुवात करणारा वक्ता अजून जन्माला यायचा होता.

लग्न होऊन घरात आली तेव्हा वहिनीला या नणंदेचा जाच वाटला होता. पाहुणे यायचे म्हटलं की वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. तुझ्या काकांना दाराजवळ बसव, त्यांना लवकर निघायचं असतं. ही थोरली जाऊबाई आणि ती धाकटी, दोघींना समोरासमोर नको, मध्ये कुणीतरी बसव. "तुमच्या बहिणीने मला अंगावर नंबर चिकटवायचाच बाकी ठेवलाय," असं ती नवऱ्याला म्हणाली होती. मग एकदा तिची आई राहायला आली. आईचे गुडघे धरलेले, जमिनीवरून उठता येत नसे, पण लेकीच्या सासरी खुर्ची मागायची तिला लाज. आई दारातून आत आली तर खिडकीजवळ उंच पाठीची खुर्ची आधीच मांडलेली, शेजारी स्टुलावर पाणी. वन्सं कामावर गेलेल्या होत्या. त्या दिवसापासून वहिनीने नंबर चिकटवून घेतला तो घेतलाच.

तिचा नवरा शहर बसवर ड्रायव्हर होता. गाडी इतकी जोरात आणि इतकी सफाईदार चालवायचा की डेपोत त्याचं नाव 'पायलट' पडलं आणि घरातही तेच रुळलं. मग एके दिवशी डेपोच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. घर वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून लोखंडी, शिडीला जिना म्हणावं असा अरुंद आणि उभा. दवाखान्यातून आणलं तेव्हा शेजारच्या चौघांनी त्याला चादरीत घालून वर चढवलं. अर्ध्या जिन्यात एकाचा हात सुटला, सगळी गल्ली "अरे, अरे" करून ओरडली, खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. वर आल्यावर पायलटने ती चादर अंगाखालून ओढून फेकली. चौघं चहा पिऊन गेल्यावर बायकोला म्हणाला, "पोत्यासारखं मला पुन्हा कुणी उचलायचं नाही. आता खाली उतरेन तो एकदाच, आपल्या घरी जायला."

तेव्हापासून तो वरच होता. दोन खोल्यांतून काठीने चालायचा, पण जिन्याकडे फिरकायचा नाही.

'आपलं घर' ही नुसती आशा नव्हती. जुन्या डेपोमागच्या मोकळ्या जागेवर परवडणाऱ्या घरांच्या इमारती उभ्या राहत होत्या. सोडतीत त्यांचा नंबर लागला होता आणि पायलटच्या पायाकडे बघून तळमजल्याचं घर मिळालं होतं. दारापुढे एकही पायरी नाही, फक्त उतार. सगळे कागद झाले, सह्या झाल्या, नळाला पाणी आलं, दिवे लागले. आता अडलं होतं फक्त उद्घाटनापाशी. पाहुण्यांनी फीत कापल्याशिवाय कुणालाही चावी नाही, असा वरून हुकूम होता. माणसं आधीच राहायला गेली तर मग उघडायचं काय, हा त्यामागचा विचार.

आणि त्या समारंभाची जबाबदारी येऊन पडली होती कुणावर, तर वन्संवरच. गृहनिर्माण कार्यालयाचा तरुण अधिकारी खुर्च्या आणि माईक ठरवायला हॉलवर आला होता. बोलता बोलता त्याला कळलं की बाईंना तिथेच घर लागलंय. "मग तर तुम्हीच सगळं बघा, मावशी," तो म्हणाला. वन्सं घरी येऊन वहिनीला म्हणाल्या, "नवरीकडचीही मी आणि नवऱ्याकडचीही मीच. भांडायचं तरी कुणाशी?"

पहिली तारीख ठरली तेव्हा वन्सं वहिनीला मदतीला घेऊन तिथे गेल्या होत्या. उघड्या आवारात त्यांनी तीच रीत चालवली. खुर्च्या अजून आल्या नव्हत्या, तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसून बघितलं. इथे बसलं की उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत. तिथे बसलं की समोर ट्रान्सफॉर्मर. त्यांनी व्यासपीठ एका बाजूचं उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. फितीसाठी कार्यालयाने सोनेरी मुठीची कात्री आणली होती. वन्संनी ती कागदावर चालवून बघितली आणि बाजूला ठेवली. "ही फोटोसाठी. कापायला मी माझी आणते. नाहीतर पाहुणे फीत चावत बसतील."

तिथेच एक गंमत झाली. कार्यालयाने बसायच्या जागांसाठी पुठ्ठ्याच्या पाट्या रंगवून आणल्या होत्या. पहिल्या रांगांसाठी 'निमंत्रित', बाजूला 'पत्रकार', आणि पार मागच्या रांगांसाठी 'लाभार्थी'. वन्संनी ती शेवटची पाटी हातात घेतली, लांब धरून वाचली.

"साहेब, हे लाभार्थी कोण?"

"म्हणजे तुम्हीच लोक, मावशी. घर मिळालेले."

"आणि हे निमंत्रित कुणाकडे आलेत?"

अधिकारी हसायला लागला. वन्संनी पाटी उलटी केली, कोऱ्या बाजूवर रंगाच्या डब्यातला ब्रश बुडवून लिहिलं, 'घरची मंडळी', आणि ती पुढच्या रांगेला लावून दिली. पुढे तारखा बदलत गेल्या, पण ती पाटी कुणी हलवली नाही. कोनशिलेवरची तारीख मात्र हलत राहिली. दगड कोरणारा दुसऱ्या वेळी वैतागून म्हणाला, "बाई, आता मी जागा मोकळी सोडतो. पाहुणे गाडीतून उतरले की मला हाक मारा."

हे सगळं वहिनीला त्या वेळी मजेचं वाटलं होतं. घरी येऊन ती पायलटला सांगायची आणि तो पोट धरून हसायचा. आज त्याने कूस बदलल्यापासून तिला त्यातलं काहीच आठवेना.

चार दिवस तसेच गेले. पायलट अर्धं ताट तसंच ठेवू लागला. काठी पलंगाखाली सरकली होती, ती त्याने मागितली नाही. पाचव्या दिवशी वहिनी खोली झाडत असताना तो म्हणाला, "पलंग खिडकीपासून लांब घे."

"का हो? उजेड नको?"

"रस्ता दिसतो."

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. पलंग ओढला. संध्याकाळी वन्सं कामावरून आल्या, पिशवीतून शिट्टी काढली, माईकची वायर काढली, समारंभाच्या निमंत्रणाचा नवा नमुना काढून वहिनीपुढे धरला. "हे बघ गं, ही किनार बरी का ती?"

वहिनीचा बांध फुटला. "किनार? वन्सं, तुमच्या त्या किनारी आणि तुमचे पाहुणे घाला चुलीत! सगळ्या जगाला बसायला खुर्ची देता तुम्ही. सख्खा भाऊ आत भिंतीला डोळे लावून पडलाय, त्याच्याकडे कधी बघणार? उतरेन तर एकदाच, असं म्हणाले होते ते. आता तेवढंही म्हणत नाहीत. तुम्हाला कळतंय का, ते उतरायचंच विसरायला लागलेत?"

एवढं बोलून तिची तिलाच भीती वाटली. इतक्या वर्षांत ती नणंदेला असं बोलली नव्हती. वन्संनी निमंत्रण उलटं करून ओट्यावर ठेवलं. आतल्या दारापर्यंत जाऊन हलवलेला पलंग बघून आल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी पाहुण्यांकडून मोजत होते."

त्याचा अर्थ वहिनीला त्या वेळी कळला नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संनी तिला बरोबर घेतलं आणि दोघी अधिकाऱ्याकडे गेल्या. तो इमारतीच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत बसला होता, टेबलावर चाव्यांची लाकडी पेटी. त्याचाही चेहरा उतरला होता. रोज पन्नास माणसं फोन करून विचारत होती, त्याला कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

"मावशी, तुम्ही तरी आता चावी मागू नका," त्याने आधीच हात जोडले. "उद्घाटनाआधी चावी दिली तर माझी नोकरी जाईल."

"चावीचं कोण बोलतंय? मी समारंभाचं बोलायला आलेय. साहेब, मला काळजी वाटते. पाहुणे उद्या अचानक हो म्हणाले तर आपली काहीच तयारी नाही."

"सगळं तर तयार आहे."

"काय तयार आहे? रिकामी इमारत? बाहेर या जरा." त्याला त्यांनी उन्हात नेऊन उभं केलं. "बघा. एका खिडकीत पडदा नाही, एका गॅलरीत कपडा वाळत नाही. फोटोत कसं दिसेल हे? लोक म्हणतील, अजून बांधकाम चाललंय."

अधिकाऱ्याने वर बघितलं. खरंच, सगळ्या खिडक्या डोळे मिटल्यासारख्या दिसत होत्या.

"मग काय करायचं म्हणता?"

"ते तुम्ही सांगा. हॉलमध्ये मोठा कार्यक्रम असला की आम्ही आधी सगळं करून बघतो."

"हां, तालीम! तालीम करा की, मावशी. तालमीला कुणाची परवानगी लागते?"

शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला आणि वन्सं नुसत्या बघत राहिल्या. वहिनीला वाटलं, यांना काही होतंय की काय.

"साधी नाही," वन्सं सावकाश म्हणाल्या. "रंगीत तालीम. नाटकवाले करतात तशी. खरे कपडे, खरे दिवे, खरं सामान, आणि ज्याची भूमिका त्यानेच करायची. ज्याचं घर त्याने त्याच्या घरात. पडदे लागायला हवेत, चुली पेटायला हव्यात, पाणी सगळ्यांनी एकदम सोडलं तर वरपर्यंत चढतं का, हेही कळायला हवं. समारंभाच्या दिवशी कुणाचा नळ कोरडा निघाला तर तुमची शोभा."

अधिकारी त्यांना घेऊन परत खोलीत येऊन बसला. त्याने वन्संकडे बघितलं, मग पेटीकडे, मग परत वन्संकडे.

"तालीम झाल्यावर लोक परत जातील?"

"तालीम कधी संपते, साहेब? पाहुणे येईपर्यंत चालूच राहायची. पाहुणे कधी येणार, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही."

तो बराच वेळ पेन टेबलावर टकटक वाजवत राहिला. मग एकाएकी हसायला लागला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मावशी, वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"खरं तेच सांगा. तालीम चाललीय. खोटं बोलायची मला सवय नाही आणि तुम्हालाही लावायची नाही."

त्याने पेटीचं झाकण उघडलं.

रविवार ठरला. सगळ्या बिऱ्हाडांना निरोप गेले, "रंगीत तालमीला सामानासकट या." जो तो आधी कोड्यात पडला आणि मग ज्याला कळलं तो दुसऱ्याला डोळा मारून सांगू लागला. गल्लीतून गाद्या, मिक्सर, सायकली, कुंड्या निघाल्या. एका आजोबांनी मुलाला विचारलं, "तालमीला कपाट कशाला?" मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची भूमिका कपाटाशेजारी आहे."

सगळे भूमिका करायला तयार, एक पायलट सोडून.

"मी येणार नाही," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "मी एकदाच उतरणार, असं सांगितलं होतं. तालीम म्हणजे खोटं. संध्याकाळी परत चादरीत घालून वर आणाल. खऱ्या दिवशी येईन."

वहिनीने समजावलं, रागावली, शेवटी तोंडाला पदर लावून बाहेर आली. खाली टेम्पो उभा, अर्धं सामान चढलेलं. वन्सं वर आल्या. त्यांनी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि बसल्या. वहिनी दाराशी उभी राहिली.

"अरे, खरा दिवस कुठला?"

"उद्घाटनाचा."

"तो पाहुण्यांचा दिवस. त्यांचा खरा दिवस त्यांच्या वहीत असतो, आपल्या नाही. मीसुद्धा तीच चूक करत बसले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कार्यक्रम केले ना, त्यामुळे पाहुणा आला की कार्यक्रम सुरू, असं डोक्यात बसलेलं. अरे, आपल्या घरी आपण गेलो की कार्यक्रम सुरू."

"आणि काढलं बाहेर तर?"

वन्संनी खुर्ची आणखी जवळ ओढली. काढणार नाहीत, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. वहिनीला वाटलं, म्हणा हो वन्सं, म्हणून टाका.

"काढतीलही," त्या म्हणाल्या. "नाही काढणार असं मी सांगत नाही. मला ठाऊक नाही. पण काढायला आले तर पहिली खुर्ची मी त्या दारात टाकून बसेन. मग बघू मला कोण उचलतंय. आपल्या घरात मीही पोतं नाही."

पायलटने पहिल्यांदा मान वळवली. बहिणीकडे बघितलं. खाली टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला.

"काठी कुठाय?" तो म्हणाला.

वहिनीने पलंगाखाली वाकून काठी काढली. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर खाली चौघं जण चादर पसरूनच उभे होते, चांगल्या मनानेच. पायलटने त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. काठी बायकोच्या हातात दिली, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर बसला. मग दोन्ही हातांवर जोर देऊन खालच्या पायरीवर. दुखरा पाय पुढे लांब ठेवून, बसत बसत, एकेक पायरी.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? गल्ली जमली. खिडक्या उघडल्या. कुणीतरी फोन वर धरून व्हिडिओ काढायला लागलं. पायलट मधल्या पायरीवर थांबला, त्याच्या कपाळावर घाम, आणि त्याचे डोळे वर गेले, त्या खिडक्यांकडे. वहिनीला चादरीचा तो दिवस आठवला.

तेवढ्यात वरून वन्संचा आवाज आला. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय पोचणारा तो आवाज होता.

"काय आहे? इथे काही कार्यक्रम नाही चाललेला! आपापलं सामान उचला. टेम्पो काय तुमची वाट बघत उभा राहणार? ए, तो फोन खिशात घाल. ताई, तुमचं दूध उतू जातंय बघा."

"आमच्याकडे दूध नाहीये आज," वरच्या खिडकीतून आवाज आला.

"मग आणायला जा!"

हशा पिकला आणि हसता हसताच गल्ली पांगली. ज्या बाईने सगळ्या आयुष्यात लोकांना कार्यक्रमाला बसवलं, तिने त्या दिवशी सगळ्यांना उठवून लावलं. खिडक्या बंद झाल्या. चौघांनी चादरीची घडी घातली आणि गाद्या उचलायला निघून गेले. रिकाम्या गल्लीत पायलट शेवटची पायरी उतरला, बायकोच्या हातून काठी घेतली आणि उभा राहिला. वहिनी इतकी वर्षं त्या नणंदेवर चिडली होती, तिच्यापुढे नमली होती, तिला हसलीही होती. जिन्याच्या वरच्या टोकाला एकट्याच उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या बाईकडे बघताना तिला वाटलं, आपण यांना आजवर नुसतं ओळखत होतो, बघितलं आज.

तालीम रंगली. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत उजेड होता. एका मजल्यावर पाणी खरंच चढलं नाही आणि प्लंबरला बोलवावं लागलं, त्यामुळे अधिकाऱ्याला फारच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला वरच्या कार्यालयातून फोन आला. वहिनी तेव्हा तिथेच मीटरबद्दल विचारायला गेली होती. तो उभा राहूनच बोलत होता. "हो सर. तालीम चाललीय, सर. त्रुटी निघताहेत. नाही सर, सगळ्या निघेपर्यंत चालवावी लागेल." फोन ठेवून त्याने घाम पुसला आणि वहिनीला म्हणाला, "मावशींना सांगा, अजून चार-पाच त्रुटी काढून ठेवा."

पाहुणे परदेशातून आले, मग त्यांना आणखी काही कामं निघाली, आणि शेवटी एकदाचा उद्घाटनाचा दिवस उजाडला तेव्हा लोकांना राहायला येऊन बरेच महिने झाले होते. तरीही वन्संनी कुठेही काटकसर केली नाही. व्यासपीठ त्यांनी ठरवलेल्या जागी, माईक तपासलेला, कात्री धारदार. पाहुण्यांनी मान वर करून पडदे, कुंड्या, वाळत घातलेले कपडे बघितले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "वा! अगदी भरल्या घरासारखं वाटतंय." अधिकाऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. भाषण लांबलं, पेला सरकला, टाळ्या पडल्या.

मग एका रहिवाशाला व्यासपीठावर बोलावून मोठी पुठ्ठ्याची चावी द्यायची होती. तळमजल्याचे पहिले रहिवासी म्हणून पायलटचं नाव काढलेलं होतं. निवेदकाने नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. पुढच्या रांगेत वहिनीच्या शेजारची खुर्ची रिकामी. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात बसले होते, आपण इकडे आलो, त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. पडले तर नसतील? ती उठून घराकडे धावली. दाराला बाहेरून कडी. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अगं, ते काठी टेकत रस्त्याने गेले. मी विचारलं, कुठे? तर म्हणाले, दाढी करायला. एवढ्या माणसांत जायचं म्हणजे दाढी नको?"

वहिनी तशीच परत आली, धापा टाकत, आणि व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या वन्संच्या कानात सांगितलं. समोर पाहुणे चावी छातीशी धरून ताटकळले होते, फोटोवाले खोळंबले होते, अधिकारी डोळ्यांनीच "मावशी, काहीतरी करा" म्हणत होता. कार्यक्रमात एवढी रिकामी जागा वन्संनी कधी पडू दिली नव्हती.

त्या माईकपाशी गेल्या. निवेदकाला हाताने बाजूला केलं.

"ते घरी नाहीत," वन्संनी सगळ्यांना सांगितलं. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "बाहेर गेलेत. येतील."

पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. पाहुण्यांना ती कशासाठी ते कळलं नाही, पण सगळेच वाजवताहेत म्हणून त्यांनीही चावी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. वन्सं माईकपासून बाजूला झाल्या, चष्मा काढला, आणि कार्यक्रम पुढे न्यायची खूण निवेदकाला करायची, हे पहिल्यांदाच विसरल्या.